संगणकाच्या पानावरील मराठी : खुणा आणि मर्यादा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी जेव्हा माझ्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'एचटीएमएल' असे उत्तर दिले. ते क्षणभर थबकले. त्यांचे थबकणे रास्तच होते. या सभागृहात बसलेल्या तरुण मंडळींपैकी बहुतेकांचे पोट संगणकावर चालते. बंगळुरात राहून संगणकावर व्याख्यान देणे म्हणजे काशीत बसून गंगाजल विकण्यासारखे आहे. आणि विकणारा कोण, तर इतिहास घेऊन बी. ए. झालेला एक सरकारी नोकर! तथापि गेली काही वर्षे कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाणारा मजकूर नजरेखालून घालण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि आपल्या मंडळाची पहिली पाने ज्या हौशी हातांनी तयार झाली त्यांपैकी एक हात माझा होता. त्या हाताकडून एक चूक घडली. तिची कबुली देणे हाच आजच्या बोलण्यामागचा खरा हेतू आहे. परंतु चूक समजण्यासाठी आधी शास्त्र थोडेसे सांगितले पाहिजे.

आरंभ इतिहासापासून करतो, कारण तेथे माझा पाय जरा घट्ट रोवलेला आहे. आपल्यापैकी काहींनी मोडी कागद पाहिले असतील. लेखक पानभर आडवी शिरोरेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे टांगत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. आज आपण सहजपणे वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, छपाईबरोबर. आणि त्यात मेजर कँडी यांचा वाटा मोठा आहे. परंतु म्हणून मोडी पत्रात काहीच खुणा नसत असे मात्र नव्हे. शिवछत्रपतींच्या पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे दुसरी लहान मुद्रा उमटविली जाई : 'मर्यादेयं विराजते'. येथे लेखनाची सीमा झाली. यापुढे कोणी एक अक्षर जरी वाढविले तरी ते महाराजांचे नव्हे. पेशवाईतील पत्रांवर 'लेखनसीमा' असा शिक्का आढळतो, तोही याच कामाचा. कोणाचे शब्द कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे कागदावरच नोंदविण्याची ही व्यवस्था होती.

आपल्या घरगुती पत्रव्यवहारातही अशा खुणा आहेत. नावाआधी 'ती.' लिहिले की वडीलधारे माणूस, 'चि.' लिहिले की लहान, 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, आणि 'कै.' हे दोन वर्णांचे अक्षर दिसले की मन चरकते. या खुणा माणूस कसा दिसतो हे सांगत नाहीत. तो कोण आहे, आपले त्याचे नाते काय, हे सांगतात. एचटीएमएलचे सारे मर्म याच भेदात आहे.

इंग्रजीतील 'मार्कअप' हा शब्दसुद्धा छापखान्यातून आलेला आहे. संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करी : हे शीर्षक, हा नवा परिच्छेद, हे जाड ठशात. जुळारी त्या खुणा पाहून खिळे जुळवी. खुणा वाचकासाठी नसत, जुळाऱ्यासाठी असत. छापील पानात त्या दिसत नसत, पण पान त्यांच्यामुळेच पान होई. संगणकाच्या पानात जुळाऱ्याची जागा ब्राउझरने घेतली, एवढेच.

स्वित्झर्लंडमधील सर्न या अणुसंशोधन संस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. १९९१ साली त्यांनी खुणांची जी पहिली यादी जाहीर केली तिच्यात जेमतेम अठरा खुणा होत्या : शीर्षके, परिच्छेद, याद्या, पत्ता आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा. १९९३ साली सर्नने हे सारे तंत्र जगाला विनामूल्य खुले करून दिले. आपल्याकडे सर्वसामान्य माणसास इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या पहिल्या अठरा खुणांच्या आज शंभराहून अधिक झाल्या. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. लेखनाची रीत सोपी आहे. दोन कोनी कंसांत खुणेचे नाव लिहायचे, मग मजकूर, आणि शेवटी तीच खूण तिरकी रेघ घालून पुन्हा लिहायची. पहिली खूण म्हणजे माथ्यावरची मुद्रा, दुसरी म्हणजे 'मर्यादेयं विराजते'. परिच्छेदासाठी 'पी', मुख्य शीर्षकासाठी 'एच वन', त्याखालच्या शीर्षकासाठी 'एच टू', अशा शीर्षकांच्या सहा पायऱ्या. एका खुणेच्या पोटात दुसरी येऊ शकते. मात्र जी शेवटी उघडली ती आधी मिटली पाहिजे. स्वयंपाकघरात एकात एक बसणारे डबे असतात, त्यांचा नियम तोच : आतल्याचे झाकण लागल्याशिवाय बाहेरच्याचे लागत नाही.

आता दिसण्याविषयी. नव्वदीच्या दशकात ब्राउझर बनविणाऱ्यांत स्पर्धा लागली आणि 'हे अक्षर मोठे कर, हे तांबडे कर' असे सांगणाऱ्या खुणा आल्या. त्यांतील 'फॉन्ट' ही खूण सर्वांत लाडकी. लोकांनी शीर्षकाला शीर्षक म्हणणे सोडले. अक्षर मोठे आणि जाड केले की झाले शीर्षक! दिसण्याचे नियम वेगळ्या कागदावर लिहावेत, पानात केवळ अर्थाच्या खुणा असाव्यात, हा विचार 'सीएसएस' या नावाने डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाला, आणि पुढच्याच वर्षी एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने 'फॉन्ट' खुणेचा वापर टाळावा असे सांगितले. लग्नात वधूचा शालू निराळा आणि तिचे नाव निराळे, हे जसे आपण जाणतो तसेच हे. शालू बदलला म्हणून वधू बदलत नाही. मात्र जो केवळ शालूवरून वधू ओळखतो, तो दुसऱ्या दिवशी फसतो.

मी फसलो तो असाच. ते सांगतो.

२००२ साल असेल. आपल्या मंडळाचे एक संस्थापक सदस्य होते, त्यांना आपण सारे 'काका' म्हणत असू. साठीच्या दशकात येथील एका सार्वजनिक कारखान्यात नोकरीस आलेले, मूळचे कराडजवळच्या खेड्यातले. मी त्यांच्या मागे लागून मंडळाच्या पानांसाठी आठवणी लिहवून घेतल्या. वहीची वीस-बावीस पाने झाली. मधोमध त्यांनी आपल्या आईचे एक पत्र उतरून दिले होते. घरची म्हैस व्याली, पाऊस लांबला, तू पैसे पाठवितोस ते पुरतात, जिवाला जप. असे साधे पत्र. मी सारा मजकूर रात्री बसून टंकित केला. आईचे पत्र वेगळे दिसावे म्हणून त्याला हिरवा रंग दिला. पडद्यावर फार शोभून दिसले. काकांना दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि काही बोलले नाहीत.

पुढे ज्या मोफत जागेवर ती पाने ठेवली होती ती सेवा बंद झाली. काका गेले. घर बदलताना वही गहाळ झाली. माझ्याजवळ एका तबकडीवर नुसता मजकूर उरला होता, आणि तोही वाचता येईना. त्या काळी आपण ज्या टंकात लिहीत असू त्यात संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. आत साठे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा घोळ. त्यावर देवनागरीचा मुखवटा चढविलेला. तो विशिष्ट टंक संगणकात असेल तोवर मुखवटा टिके. टंक नसला की नुसती भुताटकी. युनिकोड १९९१ सालापासून अस्तित्वात होते, त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक होता. त्याच्या आधी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण तयार झाले होते आणि पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेत त्यावर मोठे काम झाले होते. परंतु आम्हां हौशी मंडळींस त्याची गंधवार्ता नव्हती.

चार वर्षांपूर्वी काकांच्या कन्येचा ऑस्ट्रेलियातून निरोप आला : बाबांच्या आठवणी मुलांना वाचून दाखवायच्या आहेत, कोठे मिळतील? आपल्या मंडळातील दोन तरुणांनी रविवार खर्ची घालून अक्षरास अक्षर जुळविणारा तक्ता केला आणि तो घोळ युनिकोडमध्ये आणला. मजकूर परत मिळाला. आम्ही आनंदाने तो पाठविला. आठवड्याने तिने एकच प्रश्न विचारला. आजीचे पत्र जेथे संपत आले आहे तेथे एक वाक्य आहे : 'यंदा काही येणे झाले नाही, पुढच्या वर्षी मात्र नक्की येईन.' हे वाक्य कोणाचे? आजीचे, की बाबांचे?

मंडळी, मला सांगता आले नाही. आईने बंगळूरला येण्याचे कबूल केले होते, की पत्र उतरविताना मुलाने आपल्या न झालेल्या गावच्या फेरीविषयी स्वतःशी म्हटले होते? 'येईन' या क्रियापदावरून स्त्री की पुरुष हेही उमगत नाही. हिरवा रंग कोठे थांबला होता ते मला आठवेना, आणि रंग तर तबकडीवरील मजकुरात नव्हताच. उताऱ्यासाठी एचटीएमएलमध्ये 'ब्लॉककोट' नावाची खूण पहिल्या दशकापासून आहे. ती मी वापरली असती आणि नुसत्या मजकुराऐवजी खुणांसह पान जपले असते, तर आजही कोणालाही कळले असते की येथे आईचे बोलणे संपले. मी पत्राला शालू नेसविला. नाव सांगितले नाही. मर्यादेची मुद्रा उमटविली नाही. आता त्या घरात ते वाक्य कोणाचे म्हणून वाचायचे, हा प्रश्न कायमचा राहिला.

तुलनेसाठी सांगतो. सर्नमधील वेबचे अगदी पहिले पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि नीट वाचता येते. त्यात रंग नाहीत, चित्रे नाहीत; केवळ अर्थाच्या खुणा आहेत. म्हणूनच ते टिकले.

दुसरी गोष्ट भाषा सांगण्याची. या शहरात मराठी वर्तमानपत्र हाती धरून बसलो की शेजारचा गृहस्थ विचारतो, "हिंदी पेपर का?" लिपी एक, म्हणून त्याची समजूत तशी होते. यंत्राचेही तेच होते. कन्नड मजकूर लिपीवरून ओळखता येतो. मराठी, हिंदी आणि संस्कृत देवनागरीत एकमेकींच्या शेजारी बसलेल्या असतात. यास्तव पानाच्या अगदी पहिल्या खुणेत भाषा सांगण्याची सोय आहे. तेथे 'लँग' या गुणापुढे मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरे लिहावयाची. हिंदीसाठी 'एचआय', कन्नडसाठी 'केएन', कोंकणीसाठी 'केओके'. मराठी पानात एखादे कन्नड वाक्य आले तर तेवढ्या वाक्यापुरती भाषा बदलून सांगता येते. सांगितल्याने काय होते? मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम मराठी आवाज निवडतो. काही टंकांत मराठी आणि हिंदी वळणे वेगवेगळी साठविलेली असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण ठरविलेला पाकळीचा ल आणि देठाचा श भाषा सांगितल्यावर आपोआप उमटू शकतो. पुष्कळदा मराठी पानांवर 'इंग्रजी' अशीच नोंद राहून गेलेली असते, कारण कोणीतरी इंग्रजी नमुना उतरून घेतला आणि ती दोन अक्षरे बदलली नाहीत. आपण आपल्याच भाषेची हजेरी मांडायची विसरतो.

अक्षरांविषयीही असेच जागरूक राहावे लागते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यास' दक्षिणा देतात आणि 'आचाऱ्यास' मजुरी. मराठीचा हा आडवा रफार युनिकोडमध्ये व्यवस्थित लिहिता येतो, पण त्यासाठी योग्य वर्ण योग्य क्रमाने द्यावे लागतात; आणि पानाच्या माथ्यावर 'यूटीएफ-८' ही अक्षरसंचाची नोंद करावी लागते. नाहीतर दऱ्यांचा दर्या होण्यास वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्यातील एका निवृत्त शिक्षिकांची. त्यांचे नाव घेत नाही. आपण त्यांना बाई म्हणतो. दृष्टी गेल्यावर त्या मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या साह्याने पाने ऐकू लागल्या. मागे एका व्याख्यानास त्या आल्या नाहीत म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या मंडळाचे आमंत्रण मुके आहे. यंत्र 'चित्र' एवढेच म्हणते आणि गप्प बसते." आपण आमंत्रण सुंदर रंगीत चित्र करून टाकले होते. तारीख, वेळ, स्थळ, वक्त्याचे नाव, सारे चित्रात. डोळसांना दिसले, बाईंना नाही. चित्राच्या खुणेत 'ऑल्ट' नावाचा एक गुण असतो, त्यात चार शब्दांत चित्राचा आशय लिहावयाचा असतो. आणि आमंत्रणासारखा मजकूर तर मजकूर म्हणूनच द्यावयाचा असतो. बाईंनी मला आणखी एक गोष्ट दाखविली. त्यांच्या संगणकावर 'एच' ही एक कळ दाबली की यंत्र पुढच्या शीर्षकावर उडी मारते. नीट खुणा केलेल्या पानावर त्या डोळसापेक्षा चपळाईने फिरतात. आमच्या पानावर मात्र जाड अक्षरांची खोटी शीर्षके होती. कळ दाबली की यंत्र सांगे, पुढे शीर्षक नाही. बाईंना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारे ऐकत बसावे लागे.

सरकारी कामात हे आता केवळ सौजन्य राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली, तिसरी आवृत्ती २०२३ साली आली, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने सुगम्यतेस कायद्याचे पाठबळ दिले. माझ्या कामात मी हे नियम प्रथम नाखुशीने वाचले. आणखी एक तपासणी, आणखी एक तक्ता, असे वाटले. बाईंच्या शेजारी बसून एक पान ऐकले तेव्हा नियमामागचे माणूस दिसले.

यातली खरी अडचण अशी की ब्राउझर फार उदार आहे. खूण मिटायची राहिली, डबे उलटसुलट बसले, तरी तो तक्रार करीत नाही. अंदाजाने दुरुस्त करून पान दाखवितो. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने, जी २०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झाली, सदोष पान कसे समजून घ्यावे याचेही नियम घालून दिले आहेत. त्यामुळे चूक डोळ्यांस दिसत नाही. ती पुढे केव्हातरी, कोणा दुसऱ्यास भोवते : अंधास, शोध घेणाऱ्यास, वीस वर्षांनी परदेशातून आजीचे पत्र मागणाऱ्या लेकीस.

या अनुभवांतून मी स्वतःसाठी काही नियम केले आहेत, ते आपल्यापुढे ठेवतो. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. पानाच्या पहिल्या खुणेत भाषा मराठी असल्याचे सांगावे. मुख्य शीर्षक एकच असावे आणि उपशीर्षकांच्या पायऱ्या क्रमाने याव्यात. अक्षर लहान हवे म्हणून पायरी गाळू नये. परिच्छेद हा परिच्छेदाच्या खुणेतच असावा. ओळ तोडणारी 'बीआर' ही खूण कवितेच्या ओळींसाठी आणि पत्त्यासाठी आहे, मोकळी जागा वाढविण्यासाठी नाही. दुसऱ्याचे बोलणे आले की उताऱ्याची खूण करावी. तक्ता जमाखर्चासाठी वापरावा, सजावटीसाठी नव्हे. आणि प्रत्येक रकान्याचे शीर्षक 'टीएच' या खुणेने सांगावे. चित्राला शब्द द्यावेत. रंग, ठसा, आकार यांची हौस वेगळ्या फाइलीत भागवावी. शेवटी सारे पान तपासून पाहावे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्यासाठी विनामूल्य सोय केलेली आहे. आणि मूळ फाइल खुणांसह दोन ठिकाणी जपून ठेवावी.

आपल्या मंडळाकडे पन्नास वर्षांचे कागद आहेत : इतिवृत्ते, गणेशोत्सवाच्या पत्रिका, नाटकांच्या जाहिराती, आणि कोणी कोणी लिहून ठेवलेल्या आठवणी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आपण पेढे वाटून आनंद केला. परंतु भाषा दर्जाने टिकते तशी ती घरच्या कागदांच्या निगराणीनेही टिकते. येथील तरुण मंडळी दिवसभर परदेशी कंपन्यांची पाने घडवितात. त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे की महिन्यातील एक सायंकाळ या कागदांना द्यावी. अक्षरे आम्ही वृद्ध टंकित करू. मुद्रिते तपासण्याचा आम्हांस सराव आहे. खुणा तुम्ही करा. कोणते शब्द आईचे, कोणते मुलाचे, कोणते कैलासवासी संस्थापकांचे आणि कोणते आपले, हे आमच्याजवळ बसून विचारून घ्या, कारण ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

कामाचा आरंभ मी काकांच्या आठवणींपासून केला आहे. आईचे पत्र मी उताऱ्याच्या खुणेत ठेवले आहे. ते शंकास्पद वाक्य कोणाच्याही पदरात न टाकता दोहोंच्या मध्ये, स्वतंत्र परिच्छेदात ठेवले आणि खाली माझ्या चुकीची टीप जोडली. काकांच्या कन्येने ते पान आपल्या मुलांना वाचून दाखविले. तिने कळविले की धाकटा म्हणतो, ते वाक्य दोघांचेही असेल.

असेलही. परंतु त्याचा निवाडा त्या मुलावर सोपविण्याची वेळ मी आणावयास नको होती.

 येथेच थांबतो. मर्यादेयं विराजते.